नाण्याच्या दोन बाजू आणि अर्धा बँड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात आतल्या पानावर "15 दिवसांत आयईएलटीएस 7 बँड, गॅरंटी" अशी एका क्लासची भलीमोठी जाहिरात होती. (आयईएलटीएस म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, बँड म्हणजे तिचे गुण.) असल्याच एका गॅरंटीच्या नादात आमच्या घरात सहा महिने गेलेत म्हणून लिहितोय, जरा लांबलं तर कापा.

माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग झालेली, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यम, सांगलीत नोकरी करते. यूकेत नर्स म्हणून रजिस्टर व्हायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक लागते, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5. (त्याऐवजी ओईटी ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा पण चालते, त्यात सगळं हॉस्पिटलमधलंच असतं आणि लिहायला रेफरलचं, म्हणजे पेशंटला दुसरीकडं पाठवतानाचं पत्र येतं, पण आम्हाला हे कळलं तोवर क्लासची फी भरून झाली होती.) पहिल्या वेळी तिला 7.5, 7, 7 आणि रायटिंगला 6 मिळाले. सरासरी 6.875, ती वर जाऊन एकूण 7 धरतात, म्हणजे सर्टिफिकेटवर दिसायला झकास पण उपयोग शून्य, अर्ध्या बँडनी अडकली. परीक्षेची फी सतरा हजारांच्या वर, परत पुण्याला जाणंयेणं, राहणं, ड्युटीची रजा हे वेगळंच. बरं रिझल्ट चालतो दोनच वर्षं, त्यामुळे बघू नंतर निवांत असंही म्हणता येत नाही.

मी तिची क्लासची वही काढून बघितली. पहिले पंधरा दिवस नुसती पत्रं, मॅनेजरला तक्रार, मित्राला आमंत्रण वगैरे. आता पत्र येतं ते याच परीक्षेचा जनरल ट्रेनिंग म्हणून दुसरा प्रकार आहे त्याच्या पेपरला, अ‍ॅकॅडमिकला पहिल्या प्रश्नात ग्राफ, तक्ता, नकाशा नाहीतर एखादी प्रोसेस येते. म्हणजे एकाच बाकावर दोन वेगळ्या परीक्षांची पोरं बसवून सगळ्यांना एकच शिकवलं. पुढं निबंध. विषय कुठलाही असो, सुरुवात "इन धिस मॉडर्न इरा" आणि मग "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स". प्रदूषणाला नाणं, मोबाईलला नाणं, म्हाताऱ्या आईवडिलांना कुणी सांभाळायचं तिथंही नाणंच! 250 शब्दांच्या निबंधात साठ-सत्तर शब्द असे तयार, सर म्हणे एवढं पाठ करा बँड येतोच. तपासणाऱ्याला हे पाठांतर लगेच कळतं हो, आणि त्याचं काही मिळत नाही. रायटिंग चार गोष्टींवर तपासतात, विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मुद्द्याला मुद्दा जोडलाय का, शब्द आणि व्याकरण, चारींना वजन सारखं. व्याकरण चांगलं असून मुलगी पडली ती पहिल्याच गोष्टीत. प्रश्न होता तुम्ही किती सहमत आहात आणि हिनं दोन्ही बाजू लिहून शेवटी बॅलन्स असावा म्हणून सोडून दिलं, स्वतःचं मत कुठंच नाही.

पण सगळा दोष त्या सरांच्या माथी मारला तर तेही खोटंच होईल. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि "माय फेव्हरिट टीचर" फळ्यावर लिहून पन्नास पोरांकडून शब्दन् शब्द घोकून घेतलाय. कुणी स्वतःच्या मनानं चार ओळी लिहिल्या तर लाल पेन माझाच चालायचा. तेव्हा ही सवय पोरीला लागली कुठून ते मी कुणाला विचारू?

मग दुसऱ्या वेळी क्लास बंद. ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर नमुना पेपर फुकट आहेत, ते काढले आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर टायमर लावून आम्ही दोघं बसायचो. लिसनिंग मी पण दिलं. बाप रे! रेकॉर्डिंग एकदाच लागतं, फोनवर कुणीतरी नंबर सांगतंय त्यात "डबल फोर", शून्याला "ओ", सोमवार म्हणतोय आणि लगेच नाही नाही मंगळवार, आणि दोनच शब्दांत लिहा म्हटलेलं असताना मी तीन लिहिले की ते गेलं. 40 पैकी 24 आले मला, इंग्रजीच्या मास्तरला! 30 आले की साधारण 7 बँड धरतात. रीडिंगमध्ये ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन यात आमची रोज भांडणं व्हायची कारण उताऱ्यात नसलेलं पण आपल्याला माहीत असतं म्हणून आपण ट्रू लिहून टाकतो. चुकलेल्या उत्तराचे मार्क मात्र कापत नाहीत, त्यामुळे कोरं काहीच सोडायचं नाही, क्लासमध्ये हे एवढंसं पण कुणी सांगितलं नव्हतं.

क्लासमध्ये स्पीकिंगचा फार बाऊ करतात, "वॉना, गॉना" असं जीभ वळवून बोलायला लावतात, त्याची काही गरज नाही. बोलण्यात आपली मराठी ढब आली म्हणून मार्क कापत नाहीत, उच्चार समजले पाहिजेत. अकरा ते चौदा मिनिटांचं बोलणं, मध्ये एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटं बोलायला. मुलीच्या कार्डावर "तुम्ही नेहमी जाता ती जागा" हा विषय आला. तिनं आमचा आठवडी बाजार सांगितला, आजी मेथीच्या जुडीसाठी कशी घासाघीस करते ते, थांबवावं लागलं म्हणे तिला.

आणि रायटिंगचं औषध मिळालं ते आपल्याच पेपरात. कोयनेचा पाणीसाठा, जिल्ह्याचा पाऊस, तासगावच्या बेदाण्याचे दर, असले तक्ते मी कापून ठेवायचो आणि ती वीस मिनिटांत इंग्रजीत 150 शब्द लिहायची. कुठं वाढलं, कुठं घसरलं, सगळ्यात जास्त कधी, बास, कारणं द्यायची नाहीत. उरलेली चाळीस मिनिटं निबंधाला, त्याला वजन दुप्पट असतं. निबंधात नाणं दिसलं की मी पान फाडायचो. दुसऱ्या वेळी रायटिंगला 6.5 आले.

तर दोन विनंत्या आहेत. गॅरंटीची जाहिरात घेताना निदान कुठली परीक्षा, अ‍ॅकॅडमिक की जनरल, आणि ती गॅरंटी म्हणजे बँड आले नाहीत तर पैसे परत का नुसतं क्लासला परत बसायला मिळतं, एवढं त्यांच्याकडून छापून घ्या. आणि कोयनेचा तक्ता पावसाळा संपला की आपण बंद करता, तो बाराही महिने देता आला तर बघा, गल्लीतली अजून दोन पोरं रविवारी माझ्याकडं बसायला लागलीत आणि माझी कात्रणं संपत आलीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, तासगाव (जि. सांगली)