आईची पाठ कोणत्या रकान्यात?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत आपण वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रांचं तुलनात्मक कोष्टक छापलंत. परिसर, खोल्या, जेवण, करमणूक, मासिक शुल्क असे पाच रकाने आणि शेवटी तारे. मी ते काल तीन वेळा आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. एवढी जागा आपण या विषयाला दिलीत, त्याबद्दल आभार मानायचेच आहेत. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी आहे, म्हणजे पडून राहून तिला जखमा झाल्या आहेत का, हे सांगणारा रकाना त्यात नाही, आणि तो नसेल तर बाकीचे पाच कशासाठी?

माझी आई 81 व्या वर्षी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि अरुंद. मी शाळेत नोकरीला, भाऊ चाकणला. आम्ही तिला शहराबाहेरच्या एका केंद्रात ठेवलं. हिरवळ, कारंजं, दर गुरुवारी भजन, स्वच्छ पांढऱ्या चादरी. आपल्या हिशेबाने त्याला चार तारे सहज मिळतील. मीही तेच बघून डिपॉझिट भरलं होतं.

भेटायची वेळ चार ते पाच. एकोणिसाव्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती, म्हणून मी सुटल्यावर परस्पर गेले. खाटेच्या दांडीला दोऱ्याने एक तक्ता अडकवलेला असायचा. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद: डावी, पाठ, उजवी. तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि तक्त्यावर त्याच दिवशीच्या रात्री दहापर्यंतच्या खुणा आधीच झालेल्या होत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताच्या.

मी तिथे कामाला असलेल्या मावशींना आईला वळवायला सांगितलं. त्या नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. माकडहाडावर लहान वाटीच्या तोंडाएवढी जखम होती, काठ काळे पडलेले, वर पावडर थापलेली. खाली हवा भरायची रबरी रिंग. ती रिंग मीच मेडिकलमधून आणून दिली होती, आईला आराम पडावा म्हणून. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की रिंगने कडेची कातडी उलट जास्त दाबली जाते आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो. आईने त्या दिवसापर्यंत एकदाही कुरकूर केली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांना किती त्रास द्यायचा गं?"

मावशींवर माझा राग नाही, हे आवर्जून लिहिते. जिन्यात गाठून त्या मला म्हणाल्या, "ताई, रात्री आम्ही दोघीच असतोय. बावीस पेशंट, त्यातले चौदा पडून. कसं वळवायचं?" एका माणसाला वळवायचं, डायपर बदलायचा, उशा लावायच्या, याला दोघींना मिळून आठ-दहा मिनिटं लागतात. चौदा जणांत दोन तास संपूनच जातात. शेवटच्या खाटेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या खाटेची वेळ पुन्हा झालेली असते, मग पाणी पाजायचं कधी आणि बेल वाजली तर धावायचं कुणी? म्हणून तक्ता सकाळीच भरून ठेवायचा. बसून हिशेब केला तर हे कुणालाही कळेल. हाच हिशेब त्या कोष्टकात हवा होता. रात्री किती माणसं कामावर असतात, हा एक प्रश्न विचारला असता तरी अर्धे तारे गळाले असते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आईला आम्ही शाहूपुरीतल्या एका बोळात, जुन्या घरात चालणाऱ्या केंद्रात हलवलं. भिंतीला ओल, अंगण नाही, टीव्हीसुद्धा एकच. तिथल्या सिस्टरनी आईला खाटेवर घेतल्या घेतल्या कुशीवर वळवलं, कागदी पट्टीने जखम मोजली, "6 बाय 5 सेंमी" असं वहीत लिहिलं, फोटो काढला, खाली स्वतःची सही केली आणि वही माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "येताना एवढी होती, हे तुम्हालाही माहीत पाहिजे आणि आम्हालाही." मग दर शनिवारी मोजमाप. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. लाल दिसणारी जागा चोळायची नाही, बोटाने दाबून बघायची. बोट काढल्यावर पांढरी पडली नाही तर तिथे जखम सुरू झालीच समजायचं. आई माळकरी, अंडं चालणार नव्हतं, तर दाट वरण, पनीर, दूध वाढवलं. साडेचार महिन्यांत जखम भरली. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक पांढरा वण होता, बाकी कातडी धड होती. आपल्या कोष्टकात हे केंद्र सगळ्यात खाली बसलं असतं.

माझी भाची अमेरिकेत अशाच एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. काल रात्री तिला कोष्टकाचा फोटो पाठवला. तिकडेही तारे आहेत, 2008 पासून सरकारच देतं. पण ते तीन गोष्टींवर: आगाऊ न कळवता होणारी तपासणी, रुग्णामागे नर्सिंगचे तास आणि रुग्णांची प्रत्यक्ष स्थिती, म्हणजे किती जणांना पाठीच्या जखमा झाल्या, किती जण पडून जबर जखमी झाले, असं सगळं. तिथेही आधी कर्मचाऱ्यांचे आकडे संस्थाच लिहून द्यायच्या आणि ते फुगवलेले निघाले. आता 2018 पासून हे तास पगारपत्रकाच्या नोंदीवरून घेतात. आपल्या कोष्टकाखाली बारीक टाइपात "माहिती संस्थांनी पुरवल्यानुसार" असं छापलं आहे. माझ्या आईच्या खाटेचा तक्ताही संस्थेने पुरवल्यानुसारच होता.

पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज फूट-इंचांत छापता. इशारा 39 फूट, धोका 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात त्या आकड्यांवर लोकांनी घरं सोडली. "नदी प्रसन्न वाहते आहे" असं छापून आपण कधी भागवलं नाही. मग म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत "प्रसन्न परिसर" कसं चालतं?

शिवाय आपण सगळ्यांना एकाच शीर्षकाखाली "नर्सिंग होम" म्हटलं आहे. स्वतःच्या पायांनी भजनाला जाणाऱ्यांचा वृद्धाश्रम आणि नळी लावलेल्या रुग्णांचं केंद्र यांची तुलना होऊच शकत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी असणं वेगळं आणि आजारी, विकलांग माणसं ठेवून उपचार-शुश्रूषा करण्यासाठी 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी असणं वेगळं. कोणाकडे कोणती आहे, हे वार्ताहरांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून लिहायला हवं होतं.

आणि तो फोटो. खिडकीच्या गजांना धरून बसलेली आजी, खाली ओळ: "पोटच्या पोरांनी पाठ फिरवली." माझ्यासारख्या किती मुली, सुना, मुलगे रजा संपल्यावर, कंबर गेल्यावर, वरच्या मजल्यावरून खाट खाली आणता येत नाही म्हणून, रडत हा निर्णय घेतात, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं. मी रोज संध्याकाळी आईजवळ असायचे. तिला तिथे ठेवलं म्हणून भाऊबंदांचे टोमणे मी दोन वर्षं ऐकले, आता वर्तमानपत्रातूनही ऐकायचे का? ती ओळ आपण मागे घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

कोष्टक पुन्हा करणार असाल तर वार्ताहरांना रात्री अकरानंतर पाठवा, आणि तक्त्यावर पुढच्या वेळांच्या खुणा आहेत का ते बघायला सांगा. त्या निळ्या पेनाच्या तक्त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. हवा असेल तर शाळा सुटल्यावर, दुपारी दीडनंतर मी घरीच असते.

आपली नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)