नकाशात नातेवाईक कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीची बातमी आपल्या अंकात वाचली. खाटा किती, मजले किती, सगळं होतं. पेशंटजवळचं माणूस रात्री कुठे झोपणार, एवढंच नव्हतं. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं सिस्टर म्हणून काढल्यामुळे मी आधी तेच शोधते.

आमचा जुना मेडिकल वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब हॉल. समोरासमोर उंच खिडक्या, त्यांच्यामध्ये खाटा आणि सिस्टरचं टेबल. ही आखणी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाने ओळखली जाते. १८५९ साली रुग्णालयांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी तिचा आग्रह धरला. साधारण तीसेक खाटा, आरपार वारा आणि सगळे पेशंट एका नजरेत. कोण घाबरा झालाय, कोणाचं सलाईन संपत आलंय, टेबलावरून दिसायचं. भिंती नसण्याचा तो फायदा मी जन्मभर घेतला.

पण त्या हॉलला पुरतील एवढ्या नर्स आपल्याकडे होत्या कुठे? मग भरवणं, बेडपॅन देणं, रक्ताच्या बाटलीसाठी धावणं नातेवाइकाच्या गळ्यात. काम त्याचं, जागा मात्र खाटेखाली, डबा आणि चपलांच्या शेजारी. नाइटला दोन वाजता इंजेक्शनं द्यायला निघालं की बाहेर आलेले पाय ओलांडत जायचं. एकदा एका म्हातारीच्या हातावरच माझा पाय पडला. सुनेजवळ तिची ती चौथी रात्र. ओरडली नाही, उलट पिशवी आत ओढून मलाच म्हणाली, "चुकलं बाई."

पुढे विमा आला आणि खासगीत हॉलच्या खोल्या झाल्या: ट्विन शेअरिंग, सेमी, डीलक्स. पॉलिसीतली रूमभाड्याची मर्यादा ओलांडली, की बहुतेकदा बाकीच्या बिलाच्या भरपाईलाही कात्री. जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटीही लागला, आयसीयू तेवढं वगळून. तिथे सोबतच्याला सोफा मिळतो, हे खरं. पण बेल वाजल्याशिवाय सिस्टरला पेशंट दिसत नाही, आणि ज्याला बेल दाबायचं त्राण नाही त्याचं काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

१९५४ साली गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. वास्तुशास्त्र न शिकलेल्या माणसाला जे दिसलं, ते आमच्या नकाशांत अजून उमटत नाही. दोन खाटांमध्ये आडवं होता येईल असं एक बाकडं, प्रत्येक मजल्यावर नातेवाइकांसाठी वेगळं संडास-न्हाणीघर, डबा गरम करायला एक ओटा. फार मागत नाही.

नव्या इमारतीचा नकाशा मंजूर व्हायचा असेल, तर त्याआधी एखाद्या नाइटच्या सिस्टरला तो दाखवावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका