डिस्क वाढवायला सर्व्हर बंद कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

'सर्व्हरची क्षमता वाढवण्याचे काम सुरू असल्याने ऑनलाइन सेवा शुक्रवार ते सोमवार बंद' अशी नोटीस आमच्याकडच्या एका कार्यालयात परत लागलीय. दाखल्यासाठी गावावरून एसटीने आलेली माणसं नोटीस वाचून तशीच परत जातायत. मी स्वतः सर्व्हरचीच कामं करतो, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

अहो, जागा वाढवायला सर्व्हर बंदच करावा लागतो असं काही नाही. समजा रेड 5 मधे (म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशा जोडलेल्या डिस्कमधे) 4 टीबीच्या (टेराबाइटच्या) चार डिस्क आहेत, एकीएवढी जागा पॅरिटीत (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायच्या हिशेबात) जाते, वापरायला उरले 12 टीबी. सर्व्हर हॉट-स्वॅपवाला (चालू असतानाच डिस्क घालता-काढता येणारा) असेल तर चालू मशीनमधे पाचवी डिस्क ट्रेमधून आत सरकवायची, अ‍ॅरेला (या जोडलेल्या डिस्कच्या संचाला) सांगायचं की आता पाच आहेत, की तो सगळा डेटा पाचांवर नव्याने पसरवत बसतो. लिनक्सवर याला रीशेप म्हणतात, दिवस-दोन दिवससुद्धा चालतं, सिस्टिम जरा रखडते, पण लोकांचं काम थांबत नाही. झालं की 16 टीबी. तरी जागा लगेच दिसत नाही आणि नवीन पोरं इथेच घाबरतात, कारण अ‍ॅरे वाढला तरी वरचं पार्टिशन, एलव्हीएम (जागेची वाटणी करणारा थर) आणि शेवटी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची मांडणी) हे सगळं एकेक करून वाढवावं लागतं. ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम माउंट (म्हणजे जोडून वापरात) असतानाही वाढते, एक्सएफएस ही दुसरी तर माउंट असल्याशिवाय वाढतच नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो. रीशेप चालू असताना रेड 5 मधली एक डिस्क गेली तर निभावतं, दुसरी गेली की सगळंच गेलं, म्हणून आधी बॅकअप, तोही रिस्टोअर करून बघितलेला, आणि यूपीएस (आपल्याकडची लाइट माहितीच आहे). जुन्या पद्धतीने, 64 बिटचं फीचर (मोठ्या जागेसाठीची सोय) न लावता बनवलेली ईएक्सटी4 साधारण 16 टीबीला अडते, म्हणजे वरच्या उदाहरणात सहावी डिस्क घालून 20 टीबी करताना खरोखरच थोडा वेळ बंद ठेवावं लागेल. झेडएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमच्या रेड-झेडमधे (तिच्या रेड 5 सारख्या रचनेत) तर एकेक डिस्क वाढवायची सोय कित्येक वर्षं नव्हतीच, ती ओपनझेडएफएस 2.3 मधे, जानेवारी 2025 ला आली. तेव्हा प्रत्येक वेळी व्हेंडर (सर्व्हर पुरवणारा) थापाच मारतो असं माझं म्हणणं नाही.

पण बहुतेक ठिकाणी अडचण टेक्नॉलॉजीची नसते, खरेदीची असते. टेंडरमधे टीबी किती ते लिहितात, रिकामे बे (डिस्क घालायचे खण) किती ते कोणी विचारत नाही, मग सगळ्यात स्वस्त वाला सगळे बे भरलेला डबा देऊन मोकळा, आणि दोन-तीन वर्षांनी जागा संपली की नवीन डबा घ्या, सगळा डेटा कॉपी करा, तोवर सेवा बंद. व्हेंडरला तेच सोपं पडतं, रात्री जागायला नको.

एवढंच म्हणणं आहे की पुढच्या खरेदीत हॉट-स्वॅप, निदान दोन-चार रिकामे बे आणि चालू सर्व्हरवर जागा वाढवून दाखवायची अट घाला. आणि नोटिशीत 'तांत्रिक कारणास्तव' लिहून सोडू नका, बंद का ठेवावं लागतंय आणि त्या चार दिवसात दाखला हाताने लिहून मिळेल की नाही ते पण लिहा.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन, सांगली