कोड इन्व्हर्टरचा, बिघाड पंपाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वागळे इस्टेटमध्ये माझे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. डायनामो आणि सेल्फ उघडत हात बसला, आता पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्याही येतात. त्यांच्याविषयी लिहितो आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात वर्तकनगरचे एक निवृत्त शिक्षक आपली हायब्रिड टो करून दारात घेऊन आले. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात भर दुपारी तासभर कोंडीत अडकले, डॅशबोर्डवर इशारा पेटला आणि गाडी चढ ओढेनाशी झाली. आधी नेली त्या मोठ्या वर्कशॉपने सांगितले, ‘मोटरचा कंट्रोलर गेला, अख्खा इन्व्हर्टर बदला.’ एस्टिमेट दोन लाखांच्या वर. कागदावर रक्कम होती, बिघाड कुठला ते सांगणारा गाडीचा कोड नव्हता.

मी स्कॅनर लावला. कोड आला पी०ए९३. त्याचा अर्थ इन्व्हर्टर जळला असा नव्हेच. इन्व्हर्टर थंड ठेवणारी व्यवस्था नीट चालत नाही, एवढाच. बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी तीन फेजच्या एसीत बदलताना इन्व्हर्टर तापतो. म्हणून अशा गाड्यांत त्याचे कुलंट, म्हणजे थंड ठेवणारे पाणी, इंजिनापासून वेगळे फिरते, वेगळ्या छोट्या इलेक्ट्रिक पंपावर. कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान वगैरे कंट्रोलर साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात इन्व्हर्टरचे तापमान चढलेले स्वच्छ दिसत होते. गाडी थंड असताना कुलंटच्या टाकीचे झाकण काढले आणि गाडी ‘रेडी’ केली. पंप चालत असेल तर टाकीत कुलंट ढवळताना दिसते. इथे हलतच नव्हते. कनेक्टरवर बारा व्होल्ट येत होते, पंपच जाम. नवा पंप बसवला, कुलंट भरून हवा काढली आणि सरांना शेजारी बसवून त्याच घाटात चक्कर मारली. आज तोच इन्व्हर्टर चालू आहे.

इन्व्हर्टर जळतातही, मी पाहिले आहेत. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली तरी भलतेसलते कोड पडतात, म्हणून आधी तीच तपासावी. इन्सुलेशनचा कोड पी०एए६. तो आला की विजेची गळती मोटरच्या वाइंडिंगमध्ये, केबलमध्ये, बॅटरीत, कुठेही असू शकते. एकेक भाग वेगळा करून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारे मीटर, लावल्याशिवाय कळत नाही. एका गाडीत ती एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये निघाली. हायब्रिडचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याला वीज न वाहू देणारे खास तेल लागते. गॅस भरताना कुणीतरी नेहमीचे पीएजी तेल ओतले होते.

आणि हे काम अंदाजाने करायचे नाही. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलमधली वीज माणूस मारते. बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे थांबायचे, मीटरने शून्य झाल्याची खात्री करायची, मगच हात घालायचा. आमच्या गल्लीतली पोरे नुसत्या हाताने इन्व्हर्टरचे कव्हर उघडताना मी पाहिली आहेत. माझा जीव तुटतो. त्यांना कुणी शिकवलेलेच नाही.

म्हणून दोन मागण्या. एस्टिमेटसोबत कोड, फ्रीझ फ्रेम आणि घेतलेली रीडिंग गिऱ्हाइकाला छापून मिळालीच पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत; मग वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्तीची मॅन्युअल आमच्यासारख्या छोट्या दुकानांना परवडतील अशा दरात का मिळू नयेत? दुसरे, ठाण्याच्या आयटीआयमध्ये काम करत्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचा हाय व्होल्टेज सुरक्षेचा वर्ग सुरू व्हावा. तिथे शनिवारी विनामोबदला शिकवायला मी तयार आहे. सरांच्या गाडीचा तो जाम पंप दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, वागळे इस्टेट, ठाणे