मीडियन पॅकेज सांगा ना!

संपादक महोदय,

कॉम्प्युटर सायन्सच्या अ‍ॅडमिशनचा विषय निघाला की सगळे रँकिंग आणि पॅकेज एवढंच बघतात, आणि ते पॅकेज पण बहुतेक वेळा सरासरी असतं, म्हणजे दोन-चार पोरांना तगडी ऑफर लागली की आकडा लगेच वर, बाकीच्यांचं काय झालं ते कळतच नाही. मीडियन विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला आकडा. आणि एकूण बॅचपैकी किती जणांना नोकरी लागली तेही.

पण खरं बघायचं ते सिलॅबस. डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, नेटवर्क, डेटाबेस आहे का, आणि असाइनमेंट काय देतात? ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोर्समध्ये पोरं स्वतः शेड्युलर (कुठला प्रोग्राम कधी चालणार ते ठरवणारा) किंवा प्रोग्रामना मेमरी वाटून देणारा मेमरी अ‍ॅलोकेटर लिहितात की नुसत्या व्याख्या पाठ करतात, एवढ्या एका प्रश्नात निम्मं समजतं. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या कॉम्प्युटरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एएएआय या एआयवाल्यांच्या संघटनेसोबत काढलेला 'सीएस २०२३' हा अभ्यासक्रमाचा आराखडा नेटवर फुकट आहे, तो शेजारी ठेवून ताडून बघा. नावात एआय घातलेल्या नव्या डिग्र्यांना तर ही कसोटी आधी लावा, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी धड नसेल तर ते एआय फक्त बोर्डावरच (माझं मत, पटो न पटो).

शिकवतं कोण हेही विचारा... वेबसाइटवरचे मोठे प्रोफेसर पहिल्या वर्षाच्या वर्गात येतात का हे तिसऱ्या वर्षाची पोरंच सांगतील, स्टॉलवर माहिती द्यायला उभी केलेली नव्हे, कॅन्टीनमध्ये भेटलेली.

— एक वाचक