लिनक्सवर गाणं लिहायचंय? आधी काय लिहायचंय ते ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या कुडाळ-कणकवलीच्या बाजूला ज्यांच्याकडे जुने लॅपटॉप आहेत, म्हणजे संगीत क्लासवाले, भजन मंडळं, शाळेच्या बँडचे सर, ते सगळे एकच विचारतायत की आता नवीन मशीन घ्यायचं की काय. दुकानात त्यांना सरळ सांगतात की म्युझिकचं काम असेल तर नवीनच घ्या, लिनक्सवर म्युझिकचं काही चालत नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी जुन्या मशीनवर फुकट घालता येणारी सिस्टीम, आणि तिच्यावर म्युझिक चालत नाही हे खरं नाही. आणि ज्या मंडळाची वर्षाची जमा वर्गणीतून आणि बारीच्या (भजनाच्या कार्यक्रमाच्या) मानधनातून होते त्याला असं सांगून एवढा खर्च करायला लावणं मला अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

"लिनक्सवर चांगलं सॉफ्टवेअर कुठलं" असं कुणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारतो, तुला कागदावर सारेगम पाहिजे, की पाच रेघांचं नोटेशन पाहिजे, की स्पीकरमधून वाजणारं गाणं पाहिजे? ही तीन कामं वेगळी आहेत आणि तिन्हीची सॉफ्टवेअरं वेगळी आहेत, लोक हे न ठरवताच दहा गोष्टी इन्स्टॉल करतात आणि मग लिनक्सच बेकार म्हणून सोडून देतात.

आपल्याकडे शंभरातल्या बहुतेकांना लागतं ते पहिलं, म्हणजे भातखंडे पद्धतीची स्वरलिपी. त्यासाठी कुठलंही म्युझिक सॉफ्टवेअर लागत नाही, लिबरऑफिस रायटर पुरतं, ते बहुतेक वेळा लिनक्सबरोबर आलेलंच असतं. टेबल घ्यायचं, तीनताल असेल तर सोळा कॉलम, भजनी ठेका असेल तर आठ, वरच्या ओळीत स्वर, खाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. एका मात्रेत दोन-तीन स्वर असले की भातखंडे पद्धतीत खाली चंद्रकोर काढतात, टेबलात तिची गरजच पडत नाही कारण एक चौकट म्हणजे एक मात्रा, स्वर चिकटवून लिहिले की काम झालं. लोक अडतात ते कोमल आणि तीव्रला. कोमलची आडवी रेघ अंडरलाइन करून काढू नका, फाइल दुसरीकडे कॉपी केली की ती उडते. युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) वेदमंत्रांसाठी अनुदात्ताची खूण आहे, अक्षराखालची आडवी रेघ, तीच वापरायची: लिबरऑफिसमध्ये ग लिहून लगेच पुढे इंग्रजी आकड्यांत ०९५२ टाइप करा आणि ऑल्ट व एक्स दाबा, ग॒ तयार. तीव्र मध्यमाला तसंच ०९५१, म॑. तार षड्जाला अनुस्वार देऊन सां लिहा, मंद्राला नुक्ता देऊन नि़ लिहा, बहुतेक लोक तसंच टाइप करतात आणि वाचणाऱ्याला कळतं. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या, त्यात या खुणा नीट बसतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात मात्र काहीही लिहू नका, तसल्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कितीतरी क्लासच्या वह्याच्या वह्या अशा वाया गेल्यात.

दुसरं काम स्टाफ म्हणजे पाच रेघांच्या नोटेशनचं. शाळेचा बँड, वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची चर्चची क्वायर, ब्रास बँडवाले, किंवा ज्यांना आपली चाल बाहेरच्या वादकाला द्यायचीय त्यांच्यासाठी म्युझस्कोर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लिनक्ससाठी ॲपइमेज म्हणून एकच फाइल मिळते, म्हणजे जिथे नेट बरं आहे तिथे डाउनलोड करून पेन ड्राइव्हवरून गावी आणायची, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चालवायची परवानगी द्यायची की झालं. डाउनलोड करताना ऑर्ग वाली साइट बघा, त्याच नावाची कॉम वाली साइट नोटेशनच्या सबस्क्रिप्शनची आहे आणि तिथे गेलं की लोकांना वाटतं सॉफ्टवेअरलाच पैसे पडतात. चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, तिच्यात आवाज छान आहेत पण ती जड आहे, चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर तिची आधीची ३.६.२ आवृत्ती घाला, आणि लिनक्स घालताना लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. शब्द देवनागरीत लिहिता येतात, स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबायचं, एक अक्षर लिहून स्पेस दिली की पुढच्या स्वरावर जातो, शब्द मध्ये तोडायचा असला तर स्पेसऐवजी हायफन. मी तर पहिल्या ओळीला सारेगम आणि दुसऱ्या ओळीला शब्द लिहितो, त्यामुळे पेटीवाल्यालाही तोच कागद चालतो. कणस्वराला (मुख्य स्वराआधी निसटता लागणाऱ्या स्वराला) ग्रेस नोट आहे, पखवाजाचे बोल वेगळ्या ओळीवर शब्दांसारखे लिहिता येतात. आणि भजनी बुवा पेटीच्या काळी चार पट्टीत गात असले तरी तुम्ही पांढरी एकला सा धरून लिहा, वर पट्टी नोंदवा, नंतर ट्रान्सपोज म्हणजे पट्टी बदलणं एका क्लिकचं काम आहे.

लिलीपॉन्ड पण आहे, १९९६ पासूनचं. त्यात नोटेशन माउसने काढत नाहीत, प्रोग्रामसारखं टाइप करतात आणि तो पीडीएफ करून देतो, छपाई इतकी सुंदर की जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण व्हावी. ज्याला पुस्तक काढायचंय त्याने फ्रेस्कोबाल्डी या एडिटरमधून ते शिकावं, डावीकडे टाइप करा उजवीकडे पान दिसतं. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, उगाच वैताग येईल.

तिसरं, म्हणजे चाल बांधून ट्रॅक करायचा, कोरस घालायचा, रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डिंगला आर्डर आहे, ट्रॅक बांधायला एलएमएमएस आहे, रिदमसाठी हायड्रोजन आहे, आणि नोटेशन व मिडी (कुठला स्वर कधी वाजवला याची कॉम्प्युटरला कळणारी नोंद) दोन्ही एकत्र पाहिजे तर रोझगार्डन. पैसे द्यायची तयारी असेल तर रीपरचीही लिनक्स आवृत्ती आहे. यूएसबीचे बरेच मिडी कीबोर्ड लावले की तसेच चालतात, ड्रायव्हर शोधायला लागत नाही. तक्रार येते ती एकच, की कीबोर्डची पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला. त्यात कीबोर्डचा काही दोष नसतो, बफर म्हणजे वाजवण्याआधी मशीन आवाजाचा जेवढा साठा करतं तो मोठा असतो: सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे जवळपास २१ मिलिसेकंद उशीर, २५६ केला तर पाचच्या आसपास, आणि मग हात अडखळत नाही. फार कमी केला तर जुना प्रोसेसर कडकड आवाज करतो, तेव्हा बघत बघत उतरवा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते फाइलबद्दल. फिनाले नावाचं नोटेशन सॉफ्टवेअर जगभरातले लोक पस्तीस वर्षं वापरत होते, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुढचं काम बंद. ज्यांनी आपलं काम म्युझिकएक्सएमएलमध्ये (बहुतेक नोटेशन सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या फाइलीत) काढून ठेवलं होतं ते दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले, बाकीचे जुन्या फाइली बदलत बसले. म्हणून तुम्ही काहीही वापरा, प्रत्येक गाणं तीन प्रकारे ठेवा: सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल, जिथे निघते तिथे म्युझिकएक्सएमएल, आणि पीडीएफ. चौथं, मोबाइलवर बुवांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, कारण आंदोलन (स्वराचं झुलणं), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), गजर चढत जातो तशी वाढणारी लय, हे कागदावर पुरतं उतरत नाही, भातखंड्यांच्या नाही आणि पाच रेघांच्याही नाही.

आमच्याकडच्या डबलबारीतल्या (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातल्या) कितीतरी चाली सिनेमाच्या असतात, त्या राहतील कुठे ना कुठे. पण बुवांनी स्वतः बांधलेल्या चाली, संगमेश्वर-गुहागरकडच्या नमन या लोकनाट्यातल्या गवळणी, जाखडी नाचातले सवाल-जवाब, खालू बाजा या वाद्यमेळाचे तुकडे, हे सगळं फक्त लोकांच्या डोक्यात आहे. एक म्हातारे पखवाजवाले मला विचारत होते, "ह्या कॉम्प्युटरात आमचा वाजवप लिवूक येतां काय?" येतं. बोल येतात, मात्रा येतात, तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) कुठून उचलली तेही येतं, आणि त्यासाठी अडगळीत पडलेला लॅपटॉप पुरतो.

तेव्हा माझी दोन म्हणणी आहेत. भजन आणि नमन स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी प्रवेश अर्जाबरोबर निदान एका स्वतःच्या चालीची स्वरलिपी मागावी, हाताने लिहिलेली असली तरी चालेल, टाइप करून देणारी कॉलेजची पोरं गावोगाव आहेत. आणि तुमच्या पेपरने रविवारी अशी एक चाल बुवांच्या परवानगीने युनिकोडमध्ये छापावी, नाव-गाव-पट्टीसकट. पहिल्या काही चाली टाइप करून द्यायचं काम मी करीन, पैसे नकोत.

आपला,
एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)