ईशा, नळ्या पुन्हा पंचवीसवर आण

चि. ईशास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रयोगाचा आराखडा, दोन्ही वाचलं. पत्रात रागच जास्त आहे. कर्करोगाच्या पेशींवर काम करायचं म्हणून तू त्या प्रयोगशाळेत गेलीस आणि गाइडनी हातात फळमाश्यांच्या बाटल्या ठेवल्या. ‘माश्या गरम करून मी कुणाचं काय भलं करणार?’ असं तू विचारलंयस. त्याकडे येतेच. पण आधी आराखडा, कारण तो मला रागापेक्षा महत्त्वाचा वाटला. २५ अंशांवरच्या अळ्या घ्यायच्या, त्या ३७ अंशांवर दहा मिनिटं, अर्धा तास आणि एक तास ठेवायच्या, आणि प्रत्येक वेळी एचएसपी७०, म्हणजे उष्णतेच्या धक्क्यात पेशी बनवते ते प्रथिन, किती वाढलं ते मोजायचं. संपलं. तासाभरानंतर तुझ्या तक्त्यात काहीच नाही. तीच अळी ३७ वरून पुन्हा २५ वर आणली तर तिच्या पेशी काय करतात, हे तू विचारलेलंच नाहीस. माझ्या मते या विषयातला खरा जीव तिथेच आहे.

आता माश्यांबद्दल. हा सगळा विषय माशीच्या अळीतूनच निघाला, तोही कुणाच्या ध्यानीमनी नसताना. फेरुच्चो रितोसा हे इटालियन शास्त्रज्ञ नेपल्समध्ये फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होते. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी इनक्यूबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि रितोसांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसायला लागले. नमुने खराब झाले म्हणून त्यांनी ते टाकून दिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मुद्दाम पुन्हा तापवून पाहिलं. मग उष्णतेऐवजी डायनायट्रोफिनॉल घातलं, जे पेशीच्या ऊर्जानिर्मितीत बिघाड करतं. फुगवटे तेच. म्हणजे प्रश्न नुसत्या उष्णतेचा नव्हता, पेशी अडचणीत येण्याचा होता. एका नावाजलेल्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, जीवशास्त्रात याचं महत्त्व काय ते दिसत नाही म्हणून. अखेर १९६२ मध्ये तो ‘एक्स्पेरिएन्शिया’त छापून आला. पुढे १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी दाखवलं की तापवलेल्या ग्रंथींमध्ये मोजकीच काही प्रथिनं जोमाने तयार होतात आणि बाकीच्यांचं काम मंदावतं. मग लोकांनी जीवाणूंत पाहिलं, यीस्टमध्ये पाहिलं, वनस्पतींत आणि माणसाच्या पेशींत पाहिलं. सगळीकडे त्याच घराण्यातली प्रथिनं. परत आलेल्या त्या लेखाबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

तू अजून स्वतःच्या हाताने लाळग्रंथी काढलेली दिसत नाहीस. तुझा आराखडा वाचताना सगळं किटच्या पुस्तिकेतून आल्यासारखं वाटतं. एकदा करून बघ. बाटलीच्या भिंतीवर चढू लागलेली, तिसऱ्या अवस्थेतली गलेलठ्ठ अळी घे. सलाइनच्या थेंबात ठेव. एका चिमट्याने तिला मधोमध धर, दुसऱ्याने तोंडाचे काळे आकडे पकड आणि सावकाश ओढ. आकड्यांच्या मागोमाग दोन लांबट, पारदर्शक ग्रंथी बाहेर येतात. त्यांच्या कडेला पांढुरकी चरबी चिकटलेली असते, ती अलगद सोडवावी लागते. घाई केलीस तर ग्रंथी फाटते. मग ॲसिटो-ऑर्सिन या रंगाचा थेंब, कव्हर स्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर जरी बाजूला सरकला तरी गुणसूत्रं एकमेकांवर गुंडाळली जातात आणि स्लाइड वाया जाते. जमली, तर मात्र डोळ्याला लावलेलं भिंग सोडवत नाही. एकाच गुणसूत्राच्या हजाराहून अधिक प्रती शेजारी शेजारी जुळून बसलेल्या असतात, म्हणून ते साध्या मायक्रोस्कोपखालीही ठसठशीत दिसतं, आडव्या काळ्या पट्ट्यांसकट. तापवलेल्या अळीत ८७ए आणि ८७सी या जागांवरच्या पट्ट्या विसविशीत होऊन फुगलेल्या असतात. एचएसपी७० ची जनुकं तिथे आहेत, आणि फुगवटा म्हणजे ती कामाला लागली. तुझ्या वेस्टर्नवर, म्हणजे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत, जो बँड उमटणार आहे, तो इथून निघतो.

मुळात होतं काय, तर तापमान वाढलं की प्रथिनांच्या घड्या सुटतात. आतले भाग उघडे पडतात आणि प्रथिनं एकमेकांना चिकटायला लागतात. एरवी एचएसएफ नावाचं प्रथिन एचएसपी७० सारख्या सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या ताब्यात गप्प बसलेलं असतं. घड्या सुटल्या की ही सांभाळणारी मंडळी तिकडे धावतात आणि एचएसएफ मोकळं होतं. मग त्याचे तीन तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवर बसतात आणि ती जनुकं सुरू होतात. त्याच वेळी पेशी रोजची कामं खाली ठेवते. नेहमीचे आरएनए संदेश असूनही वाचले जात नाहीत. धक्का जबर असेल तर आरएनएमधले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, कापून टाकण्याचं कामही अडतं. माशीच्या एचएसपी७० च्या जनुकाला इंट्रॉनच नाही, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

इथपर्यंत तुला पाठ असेल. आता पुढचं.

१९८२ मध्ये सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने माशीच्या पेशी तापवल्या आणि पुन्हा २५ वर आणल्या. पेशी लगेच जुन्या कामाला लागल्या नाहीत. धक्का जितका मोठा, तितकं जास्त एचएसपी७० साठावं लागलं, आणि ते पुरेसं झाल्यावरच नेहमीची प्रथिनं पुन्हा तयार होऊ लागली. कामाचं एचएसपी७० तयारच होऊ दिलं नाही, तर त्याची जनुकं चालूच राहिली. म्हणजे जे प्रथिन संकटात मदतीला येतं, तेच ‘आता पुरे’ही सांगतं. पुढे १९९२ मध्ये त्याच गटाने उलटं करून पाहिलं: धक्का न देता, साध्या तापमानाला पेशींना एचएसपी७० बनवायला लावलं. तुला वाटेल, पेशी जास्त दणकट झाल्या असतील. त्यांची वाढ खुंटली. पुढे पेशींनी ते प्रथिन आतल्या आत कणांमध्ये कोंडून ठेवलं, तेव्हा कुठे त्या पुन्हा वाढू लागल्या. एवढ्या गुणाच्या प्रथिनाला पेशी अशी अडगळीत टाकते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. अजूनही वाटते.

आणि ९३डी सोडू नकोस. तापवल्यावर फुगणाऱ्या जागांपैकी ही एक, पण तिचा स्वभाव वेगळा. सुभाष लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये दाखवलं की बेन्झामाइड हे रसायन दिलं तर बाकी सगळे सोडून एवढा एकच फुगवटा उठतो. लखोटिया पुढे वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि या एका जागेचा त्यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. तिथल्या एचएसआर-ओमेगा या जनुकाचं काम प्रथिन बनवणं नव्हे, त्याचा आरएनए स्वतःच कामाचा. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएला फारसं कुणी विचारत नव्हतं त्या काळापासून हे चाललंय. त्यांच्या गटाचं २०१२ चं काम तुझ्या आराखड्याशी थेट जोडलेलं आहे. धक्क्यात काही प्रथिनं आपापल्या जागा सोडतात. धक्का ओसरल्यावर ती मूळ जागी परतण्यासाठी हा आरएनए लागतो. तो कमी केलेल्या अळ्या उष्णतेला तग धरू शकत नाहीत. तुझ्या एक तासाच्या तक्त्यात हे कधीच दिसणार नाही.

यीस्टमध्येही तीच गोष्ट. आधी ३७ अंशांचा सौम्य शेक दिलेलं यीस्ट ५० अंशांच्या माराला पुरून उरतं. न दिलेलं पटापट मरतं. १९९० मध्ये कळलं की यामागे एचएसपी१०४ हे प्रथिन आहे. त्यानंतर चार वर्षांनी त्याचं काम उलगडलं: ते प्रथिनांना चिकटण्यापासून वाचवत नाही, चिकटून झालेल्या गोळ्यातून एकेक प्रथिन बाहेर ओढून काढतं, गुंत्यातून दोऱ्याचं टोक सापडावं तसं. त्याआधी, एकदा गोळा झालेलं प्रथिन मोडीतच गेलं असं धरलं जायचं. आणि २०१५ मध्ये शिकागोच्या ॲलन ड्रमंड यांच्या गटाने त्याही पुढची शंका काढली: तापल्यावर यीस्टमध्ये जे गोळे होतात ते सगळे मुळात बिघाडच आहेत का? कित्येक प्रथिनं गोळ्यात जातात आणि थंड झाल्यावर धडधाकट परत येतात. तुझ्या स्लाइडवर काही ठिपके दिसले तर लगेच ‘नुकसान’ असं लेबल लावू नकोस. परत येतात का ते आधी बघ.

आता तुझा कर्करोग. तो याच वाटेवर आहे. लिंडक्विस्ट यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं की एचएसएफ१ नसलेल्या उंदरांमध्ये गाठी व्हायचं प्रमाण बरंच घटतं. तेच एचएसएफ, माशीतलं, यीस्टमधलं. गाठीतल्या पेशीला ते सतत चालू ठेवायचं असतं. ती कधीच २५ वर परत येत नाही म्हण ना.

ईआर, म्हणजे पेशीतली प्रथिनांच्या घड्या घालणारी जागा, तिच्यातला ताणही वाचून काढ. काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर या दोघांच्या गटांनी यीस्टमध्ये स्वतंत्रपणे आयआरई१ हे प्रथिन शोधलं, १९९३ च्या सुमारास. ईआरमध्ये घडी न बसलेली प्रथिनं साचली की ते केंद्रकाला निरोप धाडतं. सस्तन प्राण्यांत त्याच्या जोडीला पर्क नावाचं प्रथिन असतं, ते प्रथिनांची निर्मितीच हळू करून टाकतं, आणि काही वेळाने गॅड३४ हे आणखी एक प्रथिन येऊन तो ब्रेक काढतं. मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट इथे आहे. डेव्हिड रॉन यांच्या गटाचं २००४ चं काम सांगतं की आतला पसारा आवरलेला नसताना ब्रेक निघाला, तर नव्या प्रथिनांचा भार पडून पेशी मरते. परत यायला उशीर झाला तरी पंचाईत, लवकर आली तरी पंचाईत. मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगावर दिलं जाणारं बोर्टेझोमिब हे औषध (अमेरिकेत मंजुरी २००३) पेशीचा प्रथिनांचा केर काढण्याचा मार्गच अडवतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या त्या पेशी ईआरला आधीच इतक्या राबवत असतात की हा अडथळा त्यांना इतरांपेक्षा फार महागात पडतो.

एक चिडचिड करून घेते. तुझ्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर ‘थोडा ताण चांगला असतो, पेशींप्रमाणेच माणसांनाही’ असं वाक्य आहे. ते काढ. यीस्टला दिलेल्या अर्ध्या तासाच्या शेकावरून परीक्षेच्या जागरणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आणि पेशींचं म्हणशील, तर तेही सरसकट खरं नाही. अंटार्क्टिकाच्या समुद्रात, उणे १.९ अंशांच्या आसपास राहणाऱ्या ट्रेमाटोमस बर्नाकी या माशाच्या पेशी तापवल्या तरी नवी एचएसपी प्रथिनं वाढवत नाहीत, असं २००० साली दिसून आलं. लाखो वर्षं तापमान हललंच नाही आणि ती सोय गेली. म्हणजे ही सोय फुकट मिळत नाही. लागत नसेल तिथे टिकतही नाही. यावरूनही कृपा करून कसला बोध काढू नकोस.

तर आराखड्यात एवढं कर. ३७ वर अर्धा तास झाला की काही नळ्या पुन्हा २५ वर आण, आणि त्यातल्या अळ्या अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घे. एक संच सुरुवातीपासून शेवटपर्यंत २५ वरच राहू दे, तोही प्रत्येक वेळी सोबत काढ. सकाळच्या अळ्या आदल्या दिवसापेक्षा मोठ्या असणार, तो फरक तापवण्याच्या नावावर जाता कामा नये. नुसतं एचएसपी७० मोजू नकोस, एखादं रोजचं प्रथिनही मोज, नाहीतर काम थांबलं कधी आणि सुरू झालं कधी हे कळायचं नाही. गाइड म्हणतील, कामाचा पसारा दुप्पट झाला. तेव्हा एक तासाचा गट काढून टाक, त्याची मला फारशी गरज वाटत नाही.

आणि वॉटर बाथवरच्या आकड्यावर विसंबू नकोस, नळीच्या आत थर्मामीटर घालून बघ. बूच पाण्याच्या पातळीच्या खाली जाईल इतकं आत सरकव. अळ्या हुशार असतात, नळीचा वरचा भाग थंड राहिला तर तिथे चढून बसतात, आणि मग एकाच नळीतली एक अळी तापलेली, दुसरी नाही, असे बँड येतात. त्यावर डोकं फोडत बसण्यात लोकांचे महिने जातात.

सहा तासांच्या स्लाइड झाल्या की फोटो पाठव. ९३डी कुठे आहे ते बाणाने दाखव, मी ओळखते का ते बघू.

तुझी,
आई